वेल्डिंगचा पडदा, ढब्बूच्या उंचीवरून

वेल्डिंग मी करत नाही. नवरा करतो, आणि तेही हौसेखातर. सुट्टीच्या दिवशी गाडी बाहेर काढून ठेवायची, गॅरेजमध्ये मशीन मांडायचं आणि कुंड्यांचे स्टँड, मोडके झोपाळे, फाटकाच्या बिजागऱ्या असलं काहीबाही जोडत बसायचं. तरीही वेल्डिंगच्या पडद्याबद्दल लिहायचा हक्क त्याच्यापेक्षा माझा जास्त आहे असं मला वाटतं. तो हेल्मेट घालून आतल्या बाजूला असतो, त्याला पडदा असला काय नि नसला काय. पडदा असतो बाहेरच्यांसाठी. बाहेर मी असते, सासूबाई असतात, भाचरं आली की ती असतात, आणि ढब्बू तर बारा महिने असतोच.

ढब्बू हा कुत्रा. बसला की त्याचा डोळा जमिनीपासून साधारण अडतीस सेंटिमीटरवर येतो आणि पसरला की बारा-तेरावर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पडदा घ्यायची वेळ माझ्यामुळे आली. वाळत घातलेले कपडे काढून आणताना मी गॅरेजच्या दारात थांबले होते. नवरा म्हणाला, "बघू नकोस हं, पण फक्त टाकेच मारतोय." टाका म्हणजे दोन पाइप जागच्या जागी धरून ठेवण्यापुरता मारलेला ठिपका, सेकंदाचा किंवा दोन सेकंदांचा. मी नजर वळवायचे, पण वळवेपर्यंत उजेड डोळ्यांत शिरलेला असायचा. असे पंधरा-वीस टाके झाले असतील. त्या वेळी काहीच वाटलं नाही. रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती दोन्ही डोळ्यांत कुणी मूठभर वाळू कोंबल्यासारखी. पापणी उघडवेना, मिटवून ठेवली तरी खुपतंय, पाणी थांबेना, आणि मोबाइलचा उजेडसुद्धा सुईसारखा टोचतोय.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी बधिर करणारा थेंब टाकला. त्या एका मिनिटात मला स्वर्ग दिसला. मग नारिंगी रंगाचं औषध लावून निळ्या दिव्याखाली बघितलं. म्हणाले, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा सगळ्यात वरचा थर ठिपक्याठिपक्यांनी सोलवटलाय. वेल्डिंगच्या उजेडातली अतिनील किरणं हा थर शोषून घेतो, पेशी लगेच गळत नाहीत, काही तासांनी गळायला लागतात, म्हणून दुपारचं दुखणं मध्यरात्री उगवतं. तो बधिर करणारा थेंब घरी न्यायला मागितला, तर ठाम नकार. त्याने दुखणं कळत नाही, पण जखम भरायला उशीर होतो, आणि वारंवार टाकला तर बुबुळाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ओलावा टिकवणारे थेंब, मलम आणि अंधारी खोली यांवर दोन दिवसांत बरी झाले. "फक्त टाकेच" या दोन शब्दांवर घरात तेव्हापासून बंदी आहे.

कारण टाक्यांचा हिशेब फसवा असतो. प्रत्येक टाका छोटा वाटतो, पण डोळा त्या दिवसाचे सगळे टाके बेरजेला धरतो. वेल्डर सलग काम करायला बसला की आजूबाजूचे आपोआप लांब जातात. टाके मारताना मात्र मधे मधे थांबतो, काटकोन लावून बघतो, "जरा धर गं" म्हणतो, हेल्मेट वर-खाली करतो, आणि आपण तिथेच घुटमळत राहतो.

अंधाऱ्या खोलीत पडल्या पडल्या मला सारखं एकच सुचत होतं: मी वीस टाके बघितले, तर ढब्बूने आजवर किती बघितले असतील? तो दारात बसून नवऱ्याकडे एकटक बघत असायचा. आम्हाला कौतुक वाटायचं. कुत्र्याला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं तर तो सांगणार कसा? एक डोळा बारीक करेल, पंजाने तोंड चोळेल, कोपऱ्यात जाऊन झोपेल. आपण म्हणणार, आज स्वारी आळसावलीय. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनीही तेच नारिंगी औषध घालून बघितलं. त्या दिवशी तरी डोळे स्वच्छ होते. परत आल्यावर वाचत बसले, तर २०१४ साली डग्लस आणि जेफरी या दोन शास्त्रज्ञांनी बऱ्याच सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांतली भिंगं तपासल्याचं सापडलं. माणसाचं भिंग जवळजवळ सगळी अतिनील किरणं अडवतं. कुत्र्या-मांजरांचं भिंग मात्र त्यातला लांब लहरींचा भाग बऱ्यापैकी आत, थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत (रेटिनापर्यंत) सोडतं. म्हणजे जी किरणं माझ्या भिंगात थांबतात, त्यातली काही त्याच्या डोळ्यात आणखी आतपर्यंत जातात. मग मात्र मी थांबले नाही.

आता वस्तूबद्दल. मागवलेला पडदा सहा फूट बाय सहा फूट, ०.४ मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसीचा, गडद हिरवा. वरच्या कडेला सात पितळी कड्या आहेत. सोबत पाइपची घडीची फ्रेम आणि खाली चार चाकं. आयएसओ २५९८० या मानकाचा शिक्का पडद्याच्या कोपऱ्यात छापलेला आहे. वेल्डिंगच्या पारदर्शक पडद्यांसाठीचं मानक हेच, आणि घेताना मी बघितलं ते एवढंच. "अग्निरोधक हिरवं प्लास्टिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टींवर हा आकडा सापडत नाही.

लाल-नारिंगी रंगाचाही मिळतो. त्यातून आतलं काम जास्त स्वच्छ दिसतं आणि निळा उजेडही चांगला कापला जातो. आम्ही गडद हिरवा घेतला, कारण आम्हाला आत काय चाललंय ते बघण्यात रस नव्हता. फक्त माणूस उभा आहे की पडलाय एवढं कळलं तरी पुरे. अगदीच अपारदर्शक का नाही, असं सासूबाईंनी विचारलं होतं. त्याचं उत्तरही हेच. हेल्मेटमधल्या माणसाला स्वतःच्या पाठीमागे लागलेली आग दिसत नाही, ती बाहेरच्याला दिसायला हवी. ताडपत्रीचा विचार तर पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही. घरातली जुनी निळी ताडपत्री पॉलिथिनची असते, एक ठिणगी बसली की वितळत जाते आणि पेट घेते. पीव्हीसीच्या पडद्याला ठिणगीने भोक पडतं, पण तो स्वतः पेटत राहत नाही. आमच्या पडद्याला सहा महिन्यांत गुडघ्याच्या उंचीवर चार भोकं पडली आहेत, मसुराएवढी, कडा काळ्या आणि कडक. त्यांवर त्याच कापडाचे तुकडे चिकटवले. भोक लहान असलं तरी त्यातून येणारा उजेड लहान नसतो.

उघडल्यावर पहिला आठवडा नव्या रेनकोटसारखा उग्र वास येतो. घडीच्या सुरकुत्या जाता जात नाहीत, उन्हात टांगून ठेवला तेव्हा कुठे सरळ झाला. वारा आला की शिडासारखा फुगतो. आम्ही खालच्या दुमडीत जुनी साखळी ओवली, तेव्हापासून गप्प लोंबतो. फ्रेमची चाकं म्हणजे शुद्ध गाढवपणा आहे, एकालाही ब्रेक नाही. गॅरेजला पाण्यासाठी दिलेला उतार आहे, त्यावर अख्खा पडदा आपला आपण चालू लागतो. एकदा तो सावकाश बाजूला सरकला आणि नवऱ्याला पत्ताच नाही, कारण हेल्मेटमधून त्याला फक्त स्वतःचा रॉड दिसत होता. चाकं काढून रबरी बुटं बसवली.

पण पडदा अडवतो का, हा खरा प्रश्न. डोळ्यांनी सांगता येत नाही, कारण जे अडवायचं ते दिसतच नाही. भाचीच्या खेळण्यांत ते रंग बदलणारे मणी असतात ना, उन्हात नेले की जांभळे होतात आणि घरात आणले की पांढरे, ते मी तिच्याकडून मागून घेतले. ते अतिनील किरणांनीच रंगतात. उन्हाची भानगड नको म्हणून अंधार पडल्यावर बसलो. आर्कपासून, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झगमगाटापासून, मीटरभर अंतरावर आतल्या बाजूला एक मणी, पडद्यामागे तेवढ्याच उंचीवर दुसरा. आणि ढब्बूची आठवण होऊन तिसरा मणी बाहेरच्या खुर्चीच्या पायाला, जमिनीपासून वीतभर वर बांधला. नवऱ्याने अडीच मिलिमीटरचा रॉड, ऐंशी अँपिअर, असे दोन रॉड सलग संपवले. आम्ही सगळे घरात, दार लावून. मशीन बंद झाल्यावर टॉर्च घेऊन गेले.

आतला मणी जांभळा. पडद्यामागचा पांढरा, अगदी कोरा. खुर्चीच्या पायाचा मणी मात्र फिकट जांभळा, अर्ध्या बाजूने, आर्ककडे तोंड असलेल्या बाजूने.

मी तिथेच पोटावर झोपले, गाल फरशीला लावला. समोर पडद्याची खालची कड, तिच्याखाली अठ्ठावीस सेंटिमीटरची मोकळी फट, आणि फटीतून नवऱ्याचे बूट, रॉडची थोटकं, सगळं लख्ख दिसत होतं. उभं राहिलं की पडदा सहा फुटी भिंत वाटतो. ढब्बूच्या जागेवरून बघितलं तर तो नुसता छज्जा आहे. कारखान्यात कोणी फरशीवर गाल टेकून बसत नाही, तिथे पावलांपर्यंत पडदा नसला तरी चालतं. घरात रांगणारं मूल असतं, मांजर असतं, कुत्रा असतो. आणि कुत्र्याला पडदा लावला की काय करावंसं वाटतं? खालून डोकवावंसं. पडदा आल्यापासून तो बसायचा सोडून पसरायला लागला होता, तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं.

विकणाऱ्याला विचारलं. उत्तर आलं की ती जागा हवा खेळण्यासाठी मुद्दाम सोडलेली असते. खोटं नाही ते. वेल्डिंगचा धूर चारी बाजूंनी कोंडून चालत नाही, त्यातून पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून तापच भरतो. म्हणून आम्ही फट सरसकट बुजवली नाही. घराकडच्या, म्हणजे ढब्बूच्या बाजूला काचतंतूंच्या जुन्या वेल्डिंग ब्लँकेटची पट्टी कापून जमिनीपर्यंत सोडली, आणि अंगणातल्या भिंतीकडची बाजू पूर्ण उघडी ठेवली. धूर तिकडून जातो. पट्टीमागे मणी बांधून पुन्हा बघितलं, पांढरा राहिला.

मण्यांवर फार विसंबू नये हेही सांगते. ते ढोबळ आहेत. अतिनीलचा एकच पट्टा त्यांना कळतो, आणि डोळे दिपवणारा निळा-पांढरा उजेड तर त्यांना कळतच नाही. उदाहरणार्थ, गॅरेजचं छत चकचकीत पत्र्याचं आहे. पडद्याच्या डोक्यावरून उजेड छतावर आपटून जिन्यात उतरायचा. जिन्यातला मणी पांढराच राहिला, पण भिंतीवर ते थडथडणारं प्रतिबिंब मला स्पष्ट दिसत होतं, आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर मांजर बसतं. आर्कच्या वरचा तेवढा पत्रा रंगवून घेतला. इथे एक गंमत कळली. मला वाटलं होतं काळाच रंग हवा. पण ज्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं तो अतिनील किरणं चांगलीच शोषतो, मग तो डोळ्यांना पांढरा का दिसेना. चकाकी तेवढी नको. आम्ही मळकट करडा लावला. ॲल्युमिनियमची शिडी कोपऱ्यात उभी असायची, तिचीही रवानगी मागे झाली. उघडं ॲल्युमिनियम अतिनीलला जवळजवळ आरशासारखं परतवतं.

पडद्याला काय जमत नाही, तेही लिहायला हवं. तो हेल्मेट नाही. माझा धाकटा दीर बघायला आला तेव्हा पडद्याला नाक लावून उभा राहिला, "यातून मस्त दिसतं की" म्हणत. सोबतच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय की आर्कजवळून बघण्यासाठी हा नाही, आणि आर्कपासून किमान मीटरभर लांब हवा. मग भावजींनी गॅस कटिंगचा काळा चष्मा काढला. त्यावर काचेच्या गडदपणाचा ५ आकडा होता. गॅसच्या ज्योतीला तो ठीक आहे, पण आमच्या ऐंशी अँपिअरच्या आर्कला दहाच्या आसपासची काच लागते. उन्हाच्या चष्म्याचं तर नावच नको. आपोआप काळं होणारं हेल्मेट मात्र काळं होण्याआधीही अतिनील आणि अवरक्त (उष्णतेची) किरणं अडवतच असतं. म्हणून टाके धरायची वेळ आली तर मी आता दुसरं हेल्मेट घालते, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालते. नाहीतर दुपारभरात मनगट उन्हात भाजल्यासारखं लाल होतं.

ठिणग्यांचंही तसंच. गरम कामापासून पस्तीस फुटांपर्यंत जळण्यासारखं काही नसावं असा अग्निसुरक्षेचा जुना दंडक आहे. आमचं अख्खं गॅरेज त्याच्या निम्मंही नाही. ढब्बूची गोधडी, कपड्यांची टोपली, रद्दी हे सगळं आधी बाहेर जातं, आणि काम संपल्यावर तासभर कुणीतरी तिथे असतं. ग्राइंडरच्या ठिणग्या आणखी लांब उडतात. फरशीवर पडलेली स्लॅगची, म्हणजे जोडावरून निघालेल्या मळीची, खपली काळी दिसते, पण पंजा भाजेल इतकी तापलेली असते. त्यामुळे झाडून होईपर्यंत ढब्बूला प्रवेश नाही. सासूबाईंचे लव्हबर्ड्स घराच्या दुसऱ्या टोकाला हलवले, पक्ष्यांना धूर माणसांपेक्षा फार लवकर बाधतो.

खरं तर यातल्या निम्म्या गोष्टींना साधं दार पुरतं. खिडकीची साधी काचसुद्धा बुबुळ सोलणारी आखूड लहरींची किरणं बहुतेक अडवते, फक्त डोळे दिपवणारा उजेड आत येतो, तो पडदा ओढून थांबवता येतो. अंतराचाही मोठा आधार असतो. लांबी दुप्पट केली की उजेड चौथाई होतो, दसपट केली की शंभरावा हिस्सा. अंगणाच्या टोकाला उभं राहणं हे फुकटचं संरक्षण आहे. पडदा लागतो तो दार उघडं राहिल्यावर, कुणीतरी कुणालातरी हाक मारत आल्यावर. आमच्या घरात ते रोज होतं.

म्हणून एक शब्दही ठरवला होता. आर्क पेटवायच्या आधी नवरा ओरडणार, "डोळे!" आणि आम्ही जिथे असू तिथे पाठ फिरवणार. माणसं आठवड्यात तयार झाली. सासूबाई तर आता टीव्हीवर कुणी "डोळे" म्हटलं तरी मान वळवतात. ढब्बूने मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. या आरोळीनंतर काहीतरी झगमगतं हे त्याच्या लक्षात आलं, आणि "डोळे!" ऐकलं की तो घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत गॅरेजच्या दाराशी यायला लागला. शब्द मागे घ्यावा लागला. आता नवरा आधी ढब्बूला आतल्या खोलीत सोडतो, कडी लावतो, आणि मगच मशीनचं बटण दाबतो. आरोळी फक्त माणसांसाठी, आणि तीही हळू आवाजात.

तारे द्यायचेच तर पडद्याच्या कापडाला पाचपैकी पाच. फ्रेमला दोन, आणि ते दोन्ही घडी होऊन भिंतीला टेकते म्हणून. घेणार असाल तर फ्रेमचं माप नंतर बघा, आधी घरातलं सगळ्यात बुटकं कोण ते बघा, टेप घेऊन त्याच्या डोळ्यांची उंची मोजा, आणि विकणाऱ्याला खालची फट किती आहे ते विचारा. मला त्याने सांगितली नव्हती. मी परत लिहिलं तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, आपल्याकडे एवढ्या उंचीवर काम कोण करतं?" मी ढब्बूचा फोटो पाठवला. उत्तर अजून यायचंय.